सुगत, तुझं चौथं कडवं

सुगत, तू गेल्याला आज नऊ दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. भांडण रंगात आलं की चपला पायात सरकवून उठून जायचं, ही तुझी कॉलेजपासूनची खोड. मी मागून दारात उभा राहून ओरडायचो आणि तू वळणावरून नुसता हात हलवायचास. दोन दिवसांनी परत यायचास, चहा मागायचास, आणि भांडण होतं तिथून पुढे सुरू व्हायचं. या वेळी परत यायचं तेवढं विसरलास.

पेपरात तुझ्याबद्दल चार ओळी आल्या. पाटबंधारे खात्यातले कर्मचारी, झाडीपट्टीच्या नाटकांना गाणी लिहून देणारे, मनमिळाऊ वगैरे. 'मनमिळाऊ' वाचून मी दुकानात एकटाच हसलो. ज्या माणसाने एका गाण्यावरून माझ्याशी सहा महिने अबोला धरला, तो मनमिळाऊ. आपल्या चौघांच्या 'झाडी बॉईज' बँडचं नाव मात्र त्या चार ओळींत कुठे नव्हतं. आता कोणाला सांगावं की हा चष्मेवाला, पोट सुटलेला, तलावांचं पाणी मोजत फिरणारा माणूस एके काळी पांढरी पँट घालून स्टेजवर उड्या मारत होता?

मीच सांगतो. बाकीच्या दोघांपैकी एक पोलिसात आहे, एक सुरतेला, आणि दोघांनाही ते जुने फोटो काढलेले आवडत नाहीत.

आपण भंडाऱ्याला कॉलेजात होतो. मी सानगडीच्या दुकानदाराचा पोरगा, तू अड्याळचा. चौघांनी मिळून एक खोली घेतली होती. समोरच्या घरी टीव्ही होता आणि त्यावर तेव्हा चार-पाच गोरीगोमटी पोरं एका रांगेत उभी राहून गायची, एकदम हात वर, एकदम खाली. ते पाहून माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी उंच, त्यातल्या त्यात गोरा आणि गळ्याने बरा, म्हणून मी मधे. ते दोघं नाचायला चपळ. तुला घेतलं कारण गाणी लिहिणारं दुसरं कोणी नव्हतं. तू डाव्या टोकाला. गॉगल घातला की तुला दिसायचं नाही, आणि चष्मा घातला की आम्हाला बँड वाटायचा नाही. शेवटी गॉगलच घातलास. प्रत्येक कार्यक्रमात तिसऱ्या वळणावर तू, आज जो पोलिसात आहे, त्याला धडकायचास, आणि पब्लिकला वाटायचं ती आपली स्टाइल आहे.

मला 'दिल', 'सनम', 'समंदर' हवं होतं. तू लिहून आणलंस धान, भाताची रोपं लावायचा रोवणा.

"अबे, टीव्हीवरचे पोरं कधी रोवणा करतात का?" मी म्हटलं.

"त्याइनं त्याइच्या गावचं गावं," तू म्हणालास. "तू पोरीले समुद्रावर बलावशील. समुद्र पाह्यला का तू? आपल्याकडं पोरगी दिसते कुठं? बांधीत नाई त मोटारस्टँडवर. मोटारस्टँडवर तिचा बाप राहते."

बांधी म्हणजे धानाचं वाफ्यासारखं शेत, हे भंडाऱ्याबाहेरच्या कोणाला ठाऊक असायचं कारण नाही, आणि त्या बांधीतल्या गढूळ पाण्यावर पॉप गाणं होऊ शकतं हे मलाही ठाऊक नव्हतं. पण तू धृपद म्हणून दाखवलंस आणि आमच्या खोलीतले दोघंही आपोआप पाय आपटायला लागले.

रोवण्याले येजो पोरी, रोवण्याले येजो,
बांधीतल्या पान्यामंधी तोंड पाहून जाजो.

आज हे लिहिताना पण माझा पाय हलतो आहे. लाज वाटायला हवी, दुखवट्यात आहे मी.

एका रविवारी तू मला अड्याळला घेऊन गेलास. तुझे बाबा दिवसा दुसऱ्याच्या बांधीत राबायचे आणि जयंतीच्या दिवसांत जलसा घेऊन गावोगाव जायचे. त्या दुपारी विहारात त्यांची तालीम चालली होती. पेटी, ढोलक आणि मागे झील धरणारे चार जण. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तुझ्या बाबांचं स्वतःचं नाव आणि गावाचं नाव यायचं, आणि ते आलं की मागचे चौघे तीच ओळ तीन-तीनदा उचलायचे. मी कॉलेजचा शहाणा. मी विचारलं, काका, स्वतःचं नाव स्वतःच घ्यायला कसंसं नाही का वाटत?

बाबांनी पेटीचा भाता बंद केला. चिडले नाहीत. म्हणाले, "माज्या बापाले गावानं जिंदगीभर 'ए' म्हनूनच हाक मारली. तो मेला तवा त्याचं नाव काय होतं हे मालकाले सांगता आलं नाई, जेच्या घरी त्यानं चाळीस वर्षं काम केलं. म्हनून आमच्या घरी नाव घातल्याबिगर गानं लोकाइच्या हवाली करत नाई. कवीचा मोठेपना नोय तो, बाबू."

मी मान हलवली. समजल्यासारखी हलवली. त्या वयात मान फार लवकर हलते.

परतीच्या एस.टी.त तू म्हणालास की आता 'रोवण्याले'पासून प्रत्येक गाण्याला चौथं कडवं राहील आणि त्यात तुझं नाव राहील. मी हसून हसून लोटपोट झालो. प्रेमाच्या गाण्यात कवी कुठून उपटतो? पोरगा पोरीला बोलावतो आहे आणि मधेच अड्याळचा सुगत काय म्हणून येतो आहे, पंच म्हणून? तू शांतपणे म्हणालास, "पोरीले कळाले नको का, कोन बलावून राहिला ते?" आणि खिडकीतून बाहेर बघत बसलास.

नागपूरच्या त्या स्टुडिओबद्दल आपण एवढ्यांदा भांडलो, पण खरं कधी बोललो नाही. आज बोलतो. तुला मधे उठून जाता येणार नाही, हा एक फायदा.

आपल्या पहिल्या कॅसेटमधलं 'रोवण्याले येजो' सर्वांत शेवटी रेकॉर्ड करायचं होतं. ते गाणं तोवर कुठे स्टेजवर झालंही नव्हतं. नाचणारे दोघं खाली तर्रीपोहे खायला गेले होते. तू माईकसमोर उभा राहून मला चाल समजावून देत होतास. तीन कडवी वहीतून वाचलीस. मग वही मिटलीस, डोळे मिटलेस आणि चौथं कडवं म्हटलंस. त्यात अड्याळ होतं, सुगत होतं, आणि मधे काहीतरी असं होतं की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्टसुद्धा मान वर करून पाहू लागला. मी घड्याळ बघत होतो. तास संपत आला होता. तू म्हणालास, मीही पोहे खाऊन येतो, आणि जिना उतरून गेलास.

कॅसेट काढणारा माणूस तिथेच सोफ्यावर बसला होता. तो मला म्हणाला, "भाई, वो आखरीवाला हटा दो. गाना लंबा हो रहा है." मी म्हटलं, लंबा किती, अर्धा मिनिट. तो जरा पुढे सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "नाम सुनते ही लोग समझ जाते हैं किसका गाना है, कौन घर का. फिर सबकी शादी में नहीं बजता. तुम तो दुकानदार के लड़के हो, समझते हो."

सुगत, मी समजलो. हीच तर गोष्ट आहे. मला समजायला एक क्षणही लागला नाही. मला कोणी फसवलं नाही, धमकावलं नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की मग कॅसेट काढू नका. तोंडात दात होते, जीभ होती. पण कॅसेटच्या कव्हरवर माझा गॉगलवाला फोटो येणार होता, आणि मी एकवीस वर्षांचा होतो. मी म्हटलं, ठीक है.

तू वर आलास तेव्हा माझं गाऊन झालं होतं. तुला ऐकवलं. तिसरं कडवं संपलं, धृपद झालं, वाद्यं थांबली. तू थोडा वेळ तसाच वाट पाहत उभा राहिलास. मी म्हणालो, "चार मिनिटांच्या वर जाऊन राहिलं होतं बे." तू माझ्याकडे पाहिलंस, त्या सोफ्यावरच्या माणसाकडे पाहिलंस आणि म्हणालास, "पोहे चांगले हायेत खाली. तर्री कमी हाये." त्यानंतर सहा महिने तू माझ्याशी बोलला नाहीस.

त्या सहा महिन्यांत कॅसेट गावोगाव गेली. लग्नाच्या मांडवात, ट्रॅक्टरवर, पानठेल्यावर तेच गाणं. कव्हरवर 'गायक अनिल आणि साथी' एवढंच छापलं होतं. गीतकाराची जागाच नव्हती. लोकांनी धरून चाललं की गातो तोच लिहितो. पहिल्यांदा कोणी "काय लिहिलंय भाऊ" म्हणालं तेव्हा मी सांगितलं, लिहिलं सुगतने. दुसऱ्यांदाही सांगितलं असेल. मग कधीतरी नुसता हसायला लागलो. हसणं सोपं पडतं. दुसरी कॅसेट निघाली नाही, कारण गाणी नव्हती. लिहिणारा रुसून अड्याळला बसला होता. चार पोरांचा बँड असा एका कडव्यावर मोडला.

आणि मग एका दुपारी तू दुकानात आलास, पोत्यांवर बसलास आणि चहा मागितलास. मी काही विचारायच्या आधीच म्हणालास, "बाबा म्हनले, गानं कापलं त कापलं, मानूस नको कापू." त्या वेळी तरी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "चार मिनिटांची अट होती रे." तू म्हणालास, "हो का." झालं. तिथून आपली मैत्री पुन्हा सुरू झाली आणि ते भांडणही.

तुझ्या बाकीच्या आयुष्याला मी साक्षीदार आहे. तुला नोकरी लागली, तू मोटारसायकलवर तलावोतलाव हिंडून पाण्याची पातळी लिहायला लागलास, आणि त्याच कागदांच्या मागे गाणी. दिवाळीनंतर नाटकवाले तुझ्या दारात यायचे. तुझ्या लावणीवर टाळ्या पडायच्या आणि तू सकाळी पुन्हा तलावावर. बचतगटाची गाणी लिहिलीस, मतदानाची लिहिलीस. संडास बांधा म्हणून लिहिलेल्या गाण्यातही तू नाव घातलंस, तेव्हा पंचायत समितीच्या साहेबांनी तुला बोलावून विचारलं, अहो, संडासाच्या गाण्यात कवीचं नाव कशाला? तू म्हणालास, "साहेब, मुतारीवर आमदार साहेबाइचं नाव चालते, मंग संडासावर माजं काहून नाई चालत?" साहेब हसले आणि गाणं तसंच वाजलं. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल याचा हिशोब नाही.

माझ्या कृषी केंद्राचं गाणं आठवतं? माझे बाबा गेले, दुकान माझ्या गळ्यात पडलं आणि मी तोंड पाडून बसलो होतो. स्टेजवर उड्या मारणाऱ्याला युरिया विकायची वेळ आली म्हणून. तू दर रविवारी येत होतास. आलास की समजूत घालायचा नाहीस, नुसता बसायचास आणि गिऱ्हाइकांशी माझ्यापेक्षा जास्त गप्पा मारायचास. एका रविवारी म्हणालास, दुकानासाठी गाणं करू, ऑटोवर भोंगा लावून फिरवू. केलंस. तीन कडवी माझ्या दुकानाची स्तुती, आणि चौथ्यात काय, तर अड्याळचा सुगत सांगतो, बाप्पा, युरिया जास्त टाकू नका, धान लोळते. माझ्याच दुकानाच्या जाहिरातीत माझ्याच मालाच्या विरोधात. मी कपाळावर हात मारला. तू माझ्याकडे तिरपं पाहत विचारलंस, "हे कापत नाई का?"

मी कापलं नाही. तो भोंगा दोन हंगाम सानगडीत फिरला. तुला वाटलं असेल की मी सुधारलो. दुकानाच्या गाण्यात सुधारायला काय लागतं.

या पावसाळ्यात आपलं जुनं गाणं कुठून तरी पुन्हा वर आलं. मोहाडीकडच्या कोणा पोरींनी रोवणा करताना मोबाईल धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टेकवून त्यावर नाच केला, आणि तो नाच सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. तूच मला पहिला फोन केलास. आनंदाने तुझा आवाज फाटला होता. "अबे अन्या, पोरी चिखलात नाचून राहिल्या. आपल्यापेक्षा चांगल्या नाचतात बे. कोनी कोनाले धडकत नाई." आपण दोघं किती वेळ हसलो. तो नाच पाहून भंडाऱ्याच्या कॉलेजने आपल्याला गायलाही बोलावलं.

त्या व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं होतं, हे गाणं सानगडीच्या अनिल सरांनी लिहिलं आहे. मी 'सर' कधी झालो कोण जाणे. खाली दहा जणांनी वाहवा केली. आणि मी, सुगत, त्याखाली दोन हात जोडलेलं चिन्ह टाकलं. बोटाला सवय झाली होती, दुसरं कारण नाही. अर्ध्या तासाने तुझा मेसेज आला. शिवी नव्हती, टोमणा नव्हता. "कॉलेजवाले आपल्याले गायला बलावून राहिले ना. तवा एकदा चौथं कडवं म्हन. माज्याच्यानं गळ्यातून निघत नाई आता, तूच म्हन."

मी तुला फोन करून उलट तुझ्यावरच चढलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. म्हटलं, पंचवीस वर्षं एकच कडवं काय घेऊन बसला आहेस, लोकांना तीनच कडव्यांची सवय आहे, स्टेजवर पाहू. तू म्हणालास, "बरं, पाह्य." फोन ठेवलास. ही चप्पल सरकवून उठून जाण्याचीच पद्धत होती, फक्त फोनवरची. मला वाटलं, दोन दिवसांनी येशील.

चौथ्या दिवशी करुणावहिनीचा फोन आला. तलावावरून घरी आलास, छातीत कळ आली म्हणालास, पाणी मागितलंस. पवनीच्या दवाखान्यापर्यंतही पोचला नाहीस.

मी आलो तेव्हा तू निजला होतास आणि कोणीतरी तुझा चष्मा काढून बाजूला ठेवला होता. चष्म्याशिवाय तू एकदम कॉलेजातला दिसत होतास. मला वाटलं, आता हा उठेल आणि कोणाला तरी धडकेल. मी बाहेर जाऊन विहिरीपाशी पोटभर रडलो.

तिथेच ठरवलं की जलदान विधीला आपण ते गाणं पूर्ण म्हणायचं. चौथ्या कडव्यासकट. तू सांगितलं होतंस ते करायचं. दुसऱ्याच दिवशी पुन्हा अड्याळला गेलो आणि वहिनीला तुझ्या वह्या मागितल्या. तिने पेटी उघडून सगळ्याच समोर ठेवल्या. 'रोवण्याले येजो' सापडलं, तुझं कॉलेजातलं अक्षर, निळी शाई. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. मग चारचा आकडा आणि पुढे कोरं पान. मी दुसरी वही काढली. नाटकाची गाणी, तसंच. बचतगटाचं, संडासाचं, माझ्या दुकानाचं. प्रत्येक ठिकाणी चारचा आकडा आणि खाली जागा.

"वहिनी, चौथी कुठे लिहायचा हा?"

"लिवतच नवते," वहिनी म्हणाली. "सासऱ्याइची रीत होती. तीन कडवे वहीत, चौथं लोकाइसमोर. त्या वक्ताले समोर जे राहतीन त्याइच्यासाठी. घरी सयपाक करता करता मले म्हनून दाखवत. मी कोनतं ध्यानात ठेवू, भाऊजी?"

"'रोवण्याले'चं तरी?"

"ते त माज्या लग्नाआधीचं. ते आयकनारे तुमीच होते."

मीच होतो, आणि मी घड्याळ बघत होतो. त्या कडव्यातले दोन शब्द मला आठवतात, तुझं गाव आणि तुझं नाव. तेवढे तर कोणालाही आठवले असते. वहिनीसमोर पाण्याचा ग्लास होता तो मी हातात घेतला आणि मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. सोफ्यावरचा माणूस, तो काय बोलला, मी काय म्हटलं. चार मिनिटांची गोष्ट खोटी होती हेही सांगितलं. संपल्यावर म्हणाली, "त्याइले माहीत होतं."

"कधीपासून?"

"तवापासून. जिन्यात होते ना ते, पैशाचं पाकीट विसरले म्हनून वापस वर आले होते. आयकलं अना पुन्ना खाली गेले." मग पदराने वहीवरची धूळ पुसत म्हणाली, "मी एकदा म्हनलं, मंग तुमी त्याइले तोंडावर काहून सांगत नाई? त म्हने, अन्याले घड्याळाचंच सांगू दे. खरं सांगाले लागला त रडन, अना मले त्याचं रडनं पाहवत नाई."

सुगत, पंचवीस वर्षं तू मला 'हो का' म्हणत होतास. मी किती हुशारीने खोटं बोलत होतो आणि तू किती प्रेमाने ऐकून घेत होतास. मला हे कळल्यावर जे वाटलं त्याला नाव नाही. तू असतास तर एक कानाखाली मारली असती आणि मग गळ्यात पडलो असतो.

परवा विहारात जागा पुरली नाही. पांढरे कपडे घातलेली माणसं बाहेर रस्त्यापर्यंत. वंदना झाली, भंतेंचं झालं, नाटकवाले बोलले, तुझे साहेब बोलले. मग माझं नाव पुकारलं. मी माईकसमोर उभा राहिलो आणि आधी जे बोलायचं होतं ते बोललो. म्हटलं, "हे गाणं सुगतचं आहे. यातला एकही शब्द माझा नाही. इतकी वर्षं लोक मला विचारत होते आणि मी गप्प राहत होतो, ती माझी चूक आहे. सुगतची माफी मागतो, तुमची मागतो." चौथं कडवं कापल्याचं खरं कारणही सांगितलं, त्या सोफ्यावरच्या माणसाचं आणि माझं. तेव्हा मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने नुसती मान हलवली, तिला त्यात नवीन काही नव्हतं.

मग गायलो. गळा आता राहिलेला नाही, पण धृपदाला बायाच उचलून धरत होत्या. एक झालं, दोन झालं, तीन झालं. तिसऱ्यानंतर धृपद संपलं आणि लोक थांबले. त्यांना इथेच थांबायची सवय आहे. मी नाही थांबलो. आदल्या रात्रीपर्यंत माझ्याकडे काही नव्हतं, सकाळी मोटारसायकलवर येतानाही नव्हतं. समोर तुझा फोटो, वहिनी, तुझी पोरगी, हिरव्या बांध्यांमधून चालत आलेली माणसं. मी डोळे मिटले आणि तोंडाला आलं ते म्हटलं. तुझी कडवी चार ओळींची, माझं दोनच ओळींत आटपलं.

सुगत सांगे अड्याळचा, एवढं ध्यान देजो,
धुऱ्यावर मी नसलो तरी नाव घेऊन जाजो.

मागे तुझ्या बाबांच्या जलशातले दोन म्हातारे उरले आहेत. नाव आल्याबरोबर त्यांनी ओळ उचलली. एकदा, दोनदा, तीनदा. मग विहारातल्या सगळ्यांनी. बाहेर रस्त्यावरच्यांनीही. तुझं नाव त्या गाण्यात मी पहिल्यांदाच दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं, आणि मला पुढे गाता आलं नाही. त्यांनीच पूर्ण केलं.

कार्यक्रम आटोपल्यावर तुझे शाळेतले जुने गुरुजी काठी टेकत माझ्याजवळ आले. डोळे पुसत होते. म्हणाले, "अनिलराव, हे शेवटलं कडवं तुमी आजवर दाबून ठेवलं होतं? पोराले विशीतच समजलं होतं पाहा. मी नसलो तरी नाव घ्या म्हने. असं लिवनारा आता होनार नाई." आजूबाजूचे चार जण मान डोलावत होते. कोणीतरी म्हणालं, खरंच, सगळ्यांत भारी कडवं तेच होतं.

मी तोंड उघडलं. आताच माईकवर सांगून बसलो होतो की यातला एकही शब्द माझा नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन ओळी माझ्या होत्या. वहिनी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. कोरं पान तिने माझ्याबरोबर पाहिलं होतं.

"हो गुरुजी," ती माझ्या आधी म्हणाली, "त्याइचंच हाये ते."

आणि तिने कप माझ्या हातात दिला. मी चहा घेतला, सुगत, आणि गप्प बसलो.